प्रादेशिक सेना आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत झाशी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यवाहांनी आमच्याकडे विषय पाठविला तो 'देशरक्षण आणि मराठी माणूस' असा. विषय फार मोठा आहे. मराठा पायदळाच्या आणि महार रेजिमेंटच्या पराक्रमाविषयी अधिकारवाणीने बोलू शकतील असे निवृत्त सेनाधिकारी ह्या सभागृहात पहिल्याच रांगेत बसलेले आहेत. आमची सारी हयात केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून फायलींच्या सहवासात गेली. तेव्हा कचेरीत फाईल सांभाळणाऱ्या, इंजिन हाकणाऱ्या किंवा शेती करणाऱ्या माणसासाठीच जी सेना उभारण्यात आली आहे, तिच्याविषयी बोलणे आम्हांस अधिक उचित वाटले. ती म्हणजे आपली प्रादेशिक सेना, लोकांच्या तोंडी असलेली 'टेरिटोरियल आर्मी'.

नावाबद्दल प्रथम खुलासा केला पाहिजे. 'प्रादेशिक' म्हणजे राज्य सरकारची, असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाही. ही सेना केंद्र सरकारची, नियमित भूदलाच्या खालोखालची, आणि भूदलाचाच एक भाग आहे. ती गृहरक्षक दल नव्हे व पोलीसही नव्हे. ब्रिटनमध्ये लॉर्ड हाल्डेन यांच्या योजनेनुसार १९०८ साली ह्या प्रकारचे दल निर्माण झाले आणि त्यावरून हे नाव आपल्याकडे आले. तेथे २०१४ साली ते नाव बदलून 'आर्मी रिझर्व्ह' असे करण्यात आले. आपण मात्र जुनेच नाव ठेवले आणि आमच्या मते ते बरे झाले. कारण त्या नावातच ह्या सेनेचे तत्त्व सांगितलेले आहे. माणूस ज्या प्रदेशात राहतो, कमावतो, मुले वाढवितो, त्या प्रदेशातच त्याने तयारीने असावे, आणि हाक आली की देश नेईल तेथे जावे.

ही कल्पना मराठी मनाला परकी नाही. पावसाळ्यात शेतीची कामे उरकावी आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघावे, ही आपल्या पूर्वजांची रीत होती. नांगर धरणारा हातच तलवार धरीत असे. पुढे इंग्रजी अमलात ही परंपरा तुटली. शस्त्र हे पगारी शिपायाचे, आणि तेही सरकारने 'लढाऊ' ठरविलेल्या जातींचे, अशी व्यवस्था झाली. इतरांनी निमूटपणे कारकुनी करावी, ही अपेक्षा होती.

१८५७ नंतर स्वयंसेवक पथके निघाली ती गोऱ्यांची आणि अँग्लो-इंडियनांची. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारला माणसांची निकड भासली तेव्हा, १९१७ साली, इंडियन डिफेन्स फोर्सचा कायदा झाला. गोऱ्यांना त्यात सक्ती होती आणि हिंदी लोकांना स्वेच्छेने प्रवेश होता. त्या वेळी तरुणांनी ह्या दलात शिरावे असा आग्रह लोकमान्य टिळकांनी पुण्यात जाहीरपणे धरला. सरकारवर टीका करणारा पुढारी सरकारी पलटणीत जा असे सांगतो, ह्याचे अनेकांस नवल वाटले. लोकमान्यांचा हिशेब निराळा होता. स्वराज्य मागणाऱ्या समाजाला स्वतःचे रक्षण करता आले पाहिजे आणि त्या शिक्षणाची संधी कोणाकडूनही मिळो, ती सोडू नये, असा तो हिशेब होता. कलकत्त्यास विद्यापीठाच्या पथकात कवायत करणाऱ्या विद्यार्थ्यांत तरुण सुभाषचंद्र बोसही होते, आणि त्या शिक्षणाविषयी त्यांनी आपल्या आत्मचरित्रात आवडीने लिहिले आहे.

१९२० साली दोन कायदे झाले. ऑक्झिलरी फोर्सचा कायदा युरोपियन व अँग्लो-इंडियनांसाठी आणि इंडियन टेरिटोरियल फोर्सचा कायदा आपल्यासाठी. काम जवळजवळ एकच, परंतु पंगती दोन! येथे जमलेल्या रेल्वे कुटुंबांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा ज्या जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीमुळे मुंबई, भुसावळ सोडून इकडे आले, त्या कंपनीची स्वतःची एक स्वयंसेवक रेजिमेंट होती आणि ती ह्या ऑक्झिलरी फोर्समध्ये मोडत असे. कंपनीच्या गोऱ्या व अँग्लो-इंडियन नोकरांच्या हाती रायफल असे. त्याच कंपनीच्या मराठी फिटराला, फायरमनला किंवा बाबूला त्या रेजिमेंटचे दार बंद होते. रूळ त्याने सांभाळावे, पण रुळांचे रक्षण मात्र त्याच्यावर सोपवू नये, असा तो न्याय होता.

स्वातंत्र्यानंतर हा भेद संपला. १९४८ साली प्रादेशिक सेना कायदा झाला. त्याच वर्षी पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून राष्ट्रीय छात्रसेनेचाही कायदा झाला. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते प्रादेशिक सेनेचे उद्घाटन झाले आणि तोच दिवस आजही प्रादेशिक सेना दिन म्हणून पाळला जातो.

आता ह्या सेनेचे काम कसे चालते ते पाहू. तिची पहिली अट मोठी विलक्षण आहे. उमेदवाराला चरितार्थाचे दुसरे साधन असले पाहिजे. इतर कोणत्याही नोकरीत 'आधीची नोकरी सोडून या' असे सांगतात. येथे 'नोकरी किंवा धंदा असेल तरच या' असे सांगतात. प्रादेशिक सेना हा पूर्ण वेळेचा व्यवसाय नव्हे, हे सरकार आपल्या जाहिरातींतून पुन्हापुन्हा बजावते. पायदळाच्या पलटणीतील माणसाला वर्षातून साधारण दोन महिने शिक्षणासाठी बोलावतात. रेल्वे, तेल इत्यादी खात्यांशी जोडलेल्या तुकड्यांत हा काळ साधारण एक महिन्याचा असतो. त्या काळात त्याला भूदलाप्रमाणे वेतन मिळते. शिबिर संपले की तो आपल्या शेतावर, दुकानात किंवा टेबलाशी परत जातो. गरज पडली की सरकार पलटणच्या पलटण सेवेत रुजू करून घेते, आणि मग त्या माणसात व नियमित जवानात कर्तव्याच्या बाबतीत फरक उरत नाही.

कायद्यातील दोन तरतुदी आपण सरकारी नोकरांनी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक अशी की, सैनिकी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला ती सेवा संपल्यावर त्याच्या मूळ नोकरीत परत घेणे हे मालकावर बंधनकारक आहे. दुसरी तरतूद १९५२ च्या दुरुस्तीने आली. सरकारी किंवा लोकोपयोगी सेवेत असलेल्या, वयाची २० वर्षे पूर्ण केलेल्या व ४० वर्षे पूर्ण न केलेल्या व्यक्तीस, आवश्यकता पडल्यास, प्रादेशिक सेनेत सेवा करणे भाग पाडण्याचा अधिकार तिने सरकारला दिला. आपल्या नेमणुकीच्या कागदपत्रांत बदलीची अट आपण सर्वांनी वाचलेली असते. ह्या अटीची मात्र फार थोड्यांना खबर असते.

संघटनेविषयी थोडक्यात सांगतो. ह्या सेनेचे महासंचालनालय दिल्लीस आहे. त्याखाली निरनिराळ्या कमांडांसाठी गट मुख्यालये आहेत. ब्रिगेडियर दर्जाचा अधिकारी त्यांचा प्रमुख असतो. दक्षिण कमांडचे गट मुख्यालय पुण्यास आहे. पायदळाची प्रत्येक पलटण भूदलाच्या एखाद्या जुन्या रेजिमेंटशी निगडित असते व तिचीच परंपरा, तिचेच युद्धघोष सांभाळते. पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ ह्या पलटणी मराठा लाइट इन्फंट्रीच्या आहेत. देवळालीची ११६ छत्रीधारी सैन्याची आहे. नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्यात ग्रेनेडियर्सची ११८ आहे. त्या किल्ल्याचे दरवाजे प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन आणि स्वातंत्र्य दिन अशा मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडतात, हे नागपूरकर मंडळींना ठाऊक असेलच.

आरंभी ह्या सेनेत चिलखती दल, विमानविरोधी तोफखाना, किनारी तोफखाना, इंजिनिअर, सिग्नल, वैद्यकीय, वाहतूक अशा सर्व प्रकारच्या तुकड्या होत्या. १९६२, १९६५ आणि १९७१ ह्या तिन्ही युद्धांत त्यांना बोलावणे आले. १९७२ पर्यंत पायदळ सोडून यांपैकी बहुतेक तुकड्या एक तर मोडल्या गेल्या किंवा नियमित भूदलात सामावून घेतल्या गेल्या. राखीव म्हणून उभे केलेले दल कायमच्या कामास योग्य ठरले, असा याचा एक अर्थ आहे. पुढे श्रीलंकेतील 'पवन' मोहीम, पंजाब, जम्मू-काश्मीर आणि ईशान्य भारत येथील मोहिमा ह्या सर्वांत पायदळाच्या पलटणींनी काम केले.

परंतु झाशीत बोलताना रेल्वेच्या तुकड्यांविषयी अधिक सांगितले पाहिजे. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांतूनच उभारलेल्या इंजिनिअर रेजिमेंट सहा होत्या, आणि त्यांतली एक झाशीस होती. हे गाव मध्य रेल्वेचा, आणि २००३ पासून उत्तर मध्य रेल्वेचा, मोठा विभाग. दिल्लीकडून दक्षिणेकडे जाणारी मुख्य वाट येथूनच जाते. युद्धकाळात सैनिक, दारूगोळा, रणगाडे यांच्या गाड्या ज्या रुळांवरून धावतात, ते रूळ तुटले तर ते जोडणारा माणूस हवा, आणि तो भर गोळीबारातही शिस्तीने काम करणारा हवा. लोकोशेडमध्ये वर्षभर इंजिन सांभाळणाऱ्या माणसाला बंदूक आणि शिस्त शिकविणे सोपे असते. पलटणीतल्या शिपायाला इंजिन शिकविण्यास वर्षे लागतात. खात्यांच्या तुकड्यांमागचा विचार एवढाच आहे. तेल कंपन्यांच्या तुकड्याही ह्याच विचाराने उभ्या आहेत. प्रादेशिक सैनिक आपला धंदा घरी ठेवून येत नाही. तो धंदाच त्याचे शस्त्र असतो.

ह्या इतिहासात एक अवघड पानही आहे आणि ते आम्ही उलटून पुढे जाणार नाही. १९७४ च्या मे महिन्यात देशव्यापी रेल्वे संप झाला. सुमारे १७ लाख कामगारांचा हा संप ८ मे रोजी सुरू झाला आणि तीन आठवड्यांच्या आत मोडला. त्या काळात गाड्या चालू ठेवण्यासाठी रेल्वेच्या प्रादेशिक तुकड्या रुजू करण्यात आल्या. जरा कल्पना करा. एकाच वसाहतीत शेजारी शेजारी दोन क्वार्टर. एकातला माणूस संपावर, वॉरंट चुकवीत फिरणारा. दुसऱ्यातला गणवेश चढवून त्याच संपकऱ्याचे इंजिन बाहेर काढणारा. दोघांचा पगार एक, दोघांची महागाई एक, दोघांची मुले एकाच शाळेत. संपाच्या मागण्या बरोबर होत्या की चूक, हा आजचा विषय नाही. ह्या सभागृहात त्याविषयी दोन मते असतील, आणि असावीत. पण नागरिक-सैनिक होण्याची खरी किंमत तेथे दिसते. नियमित सैनिकाला परक्या मुलखात नेऊन परक्याशी लढवितात. प्रादेशिक सैनिकाला मात्र कधी कधी स्वतःच्याच आळीत, आपल्याच माणसांसमोर, आपली शपथ पाळावी लागते. ते काम सोपे नाही, आणि ज्यांनी ते केले त्यांच्याविषयी किंवा ज्यांनी संप केला त्यांच्याविषयी घाईने निवाडा देऊ नये, असे आम्हांस वाटते.

ह्या सहा रेजिमेंटपैकी पाच मोडण्याचा निर्णय २०२१ साली जाहीर झाला. झाशी, कोटा, आद्रा, चंदीगड आणि सिकंदराबाद येथील रेजिमेंट त्यात आल्या. जमालपूरची तेवढी ठेवण्यात आली. ईशान्येकडे जाणाऱ्या अरुंद भूपट्टीतील न्यू जलपायगुडी ते रंगिया ह्या सुमारे ३६१ किलोमीटरच्या मार्गाची निकड लक्षात घेऊन ती राखली. हिशेबाच्या दृष्टीने पाहता निर्णयाला कारणे होती. रेल्वेची यंत्रे बदलली, कामाच्या पद्धती बदलल्या, आणि ज्या तुकड्यांना बोलावण्याचा प्रसंगच येत नाही त्यांच्यावर किती खर्च करावा, हा प्रश्न कोणत्याही सरकारला पडतो. आम्ही स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे तो प्रश्न आम्हांस कळतो. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. रेजिमेंट मोडली म्हणजे कागदावरचा एक आकडा कमी होतो, आणि त्याबरोबर त्या गावातून वर्षातला एक महिना गणवेश घालणारी माणसेही नाहीशी होतात. मुलांना रोज दिसणारा, ओळखीचा, कोपऱ्यावर भाजी घेणारा सैनिक दिसेनासा होतो. मग सैन्य ही दूर कोठे तरी असलेली, दूरदर्शनवर पाहावयाची वस्तू होऊन बसते.

एकीकडे असे दार मिटले, तरी दुसरीकडे नवी दारे उघडली आहेत. १९८२ साली डेहराडून येथे गढवाल रायफल्सची १२७ वी पर्यावरण पलटण उभी राहिली. चुनखडीच्या खाणींनी मसुरीचे डोंगर अक्षरशः सोलून काढले होते. ह्या पलटणीने ते पुन्हा झाडांनी झाकण्याचे काम हाती घेतले. पुढील वर्षी राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याच्या परिसरात वाळू रोखण्यासाठी १२८ वी पलटण आली. पुढे पिठोरागड, दिल्लीजवळच्या भाटी खाणी, हिमाचल, आसाम असा हा पसारा वाढत गेला. छत्रपती संभाजीनगर येथे महार रेजिमेंटची १३६ वी पर्यावरण पलटण मराठवाड्याच्या उघड्या टेकड्यांवर झाडे लावीत आहे. ह्या पलटणींत मुख्यतः माजी सैनिक असतात. निवृत्त जवानाने पहारेकऱ्याची नोकरी धरण्याऐवजी आपल्याच भागातला डोंगर सावरावा, ही योजना आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

काश्मीर खोऱ्यात २००३-०४ च्या सुमारास स्थानिक तरुणांच्या, आपल्या घरादाराचे रक्षण करणाऱ्या पलटणी उभारण्यात आल्या. त्यांपैकी १६२ व्या पलटणीतील लान्स नाईक नझीर अहमद वाणी हे कुलगाम जिल्ह्यातले. राष्ट्रीय रायफल्सच्या तुकडीबरोबर काम करताना २५ नोव्हेंबर २०१८ रोजी शोपियन जिल्ह्यात अतिरेक्यांशी झालेल्या चकमकीत ते धारातीर्थी पडले. त्यापूर्वी दोन वेळा त्यांना सेना पदक मिळालेले होते. २६ जानेवारी २०१९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आले. शांतताकाळातला हा सर्वोच्च सन्मान आहे. तो ज्या माणसाला मिळाला, तो आपल्या घरापासून थोड्याच अंतरावर, आपल्याच मुलखासाठी लढत होता.

३० जून २०२२ च्या रात्रीची मणिपूरमधील घटनाही येथे सांगितलीच पाहिजे. जिरिबाम ते इंफाळ हा नवा लोहमार्ग बांधणाऱ्यांच्या रक्षणासाठी गोरखा रायफल्सची १०७ वी प्रादेशिक पलटण तैनात होती. नोनी जिल्ह्यात तुपुल येथे दरड कोसळून छावणी गाडली गेली आणि ह्या पलटणीचे सुमारे ३० जवान मृत्युमुखी पडले. त्यांतले अनेक दार्जिलिंगच्या डोंगराळ भागातले होते. लढाई नव्हती, शत्रू नव्हता. रेल्वेचा रूळ देशाच्या टोकापर्यंत पोहोचावा म्हणून ही माणसे तेथे झोपलेली होती. रेल्वेच्या भाकरीवर वाढलेल्या ह्या गावाने त्यांची आठवण ठेवावी.

आणि हे सारे जुने झाले असे कोणी समजू नये. मे २०२५ मध्ये 'सिंदूर' मोहिमेच्या दिवसांत केंद्र सरकारने प्रादेशिक सेनेला पाचारण करण्याचे अधिकार भूदलप्रमुखांना दिले. पायदळाच्या ३२ पलटणींपैकी १४ पलटणी सेवेत घेण्यास त्या आदेशाने मान्यता दिली. त्या आठवड्यात देशात किती तरी दुकानांना कुलपे लागली असतील, किती तरी टेबले रिकामी झाली असतील.

शेवटी आपल्याविषयी. आपण येथे दोन-दोन, तीन-तीन पिढ्या राहिलो. मंडळ स्थापन केले, गणपती बसविला, मुलांना मराठी शिकविले. हे सर्व योग्यच केले. परंतु बोलण्याच्या ओघात अजूनही आपण म्हणतो, 'आमचे गाव तिकडे, येथे आपले नोकरीपुरते.' प्रादेशिक सेनेचे तत्त्व ह्या वाक्याला हरकत घेते. ज्या मातीवर आपले पोट भरते, ती परमुलूख कशी? ह्याच गावात मोरोपंत तांब्यांची मुलगी सून म्हणून आली, आणि ह्या गावासाठी तिने काय केले हे तुम्हांस सांगण्याची गरज नाही. आज येथील रेल्वे स्थानकाच्या पाटीवर तिचे नाव आहे. ती काशीत जन्मली, तिचे घराणे दक्षिणी, आणि तिच्याबरोबर लढली ती बुंदेलखंडाची माणसे. कोण कोठून आले हा हिशेब तिने केला नाही, आणि बुंदेलखंडानेही केला नाही.

तेव्हा आमची विनंती एवढीच आहे. ज्या घरांत १८ ते ४२ वयाचे, पदवीधर, नोकरी-व्यवसायात स्थिरावलेले मुलगे आणि मुली आहेत, त्यांच्यापुढे ही गोष्ट मांडावी. मुलींचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. त्यांना ह्या सेनेत प्रवेश नाकारता येणार नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. लेखी परीक्षा आहे, मुलाखती आहेत, शारीरिक कसोटी आहे. निवड कठीण आहे. त्यातून पैसा फारसा मिळत नाही. निवृत्तिवेतन मिळावयाचे तर अधिकाऱ्याची २० आणि जवानाची १५ वर्षे प्रत्यक्ष सेवेची भरावी लागतात. वर्षातले दोन महिने घर सोडावे लागते, आणि रजेचा अर्ज पाहून वरिष्ठांच्या कपाळाला आठ्या पडतात, हेही आम्ही एका कचेरीत पाहिले आहे. आपल्यापैकी जे स्वतःच वरिष्ठ आहेत, त्यांनी निदान त्या आठ्या पाडू नयेत. तेवढा वाटा तर पन्नाशी उलटलेल्या आम्हां मंडळींनाही उचलता येईल.



जय हिंद! जय महाराष्ट्र!